माझं नाव अजून माझ्याकडेच आहे

चि. आगात हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

आपण अजून आहोत, नदी वाहते आहे, त्याबद्दल आपल्या रीतीप्रमाणे आधी आभार. मी बरी आहे. इस्पितळातलं जेवण अळणी, पण तुझ्या लेकाने, सोसेने आणलेलं मक्याचं सूप पोटभर प्याले. बियाण्याच्या कणसांच्या वेण्या उंदरांपासून वर टांगल्यास ना?

परवा ऑपरेशन आहे. काळजी करू नकोस, डॉक्टर हसून बोलतो.

सोसे मात्र बोलता बोलता म्हणाला, "मोठी आई, ताईच्या बाळीला हिवाळी सणात तुझं नाव द्यायचं, असं आई म्हणते."

मी म्हटलं, "अरे, मी ते अजून वापरतेय की." एवढा बाप्या गडी, जीभ चावून रिकाम्या वाटीत चमचा ढवळत बसला.

आगात, कुळाची नावं तू सांभाळतेस. नावाचा धनी जिवंत असेतो ते दुसऱ्याला देत नाहीत. मग डॉक्टरने तुला काय सांगितलंय?

सणाच्या दिवशी मी येऊन दार वाजवेपर्यंत थांब. नाहीच वाजलं, तर हेच नाव दे. पण हाक मारताना आवाज कापू देऊ नकोस. पोर घाबरेल.

तोवर हे नाव लावणारी तुझी अक्का,
कात्सित्सेनहावी