वांगं चंपाषष्ठीनंतर

४ ऑगस्ट, सोमवार

इराने माझ्यासाठी तिकीट काढलंय. कशाचं, तर चालत चालत खायचं! इथे इराच्या घराजवळ पिटोनी नावाचा भाग आहे, तिथल्या जुन्या रस्त्यावरून एक गाइड माणसांना फिरवतो, दुकानादुकानांत थांबून थोडं थोडं खायला घालतो आणि मधेमधे जुन्या इमारतींची माहिती सांगतो. बुधवारी. इरा स्वतः येणार नाही, ऑफिस आहे म्हणे. मग मला एकटीला कशाला? तेही चातुर्मासात? कांदा, लसूण, वांगं मी तोंडात घालत नाही, हे तिला लहानपणापासून पाठ आहे.

"आई, तू जा ना. प्लीज."

ही मला प्लीज कधीच म्हणत नाही.

श्रावणी सोमवार. उपास. इथला साबुदाणा मेला भिजवला की गोळाच होतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

नितीशच्या आईचा पुण्याहून फोन. नितीश ऑकलंडला, माउंट रॉस्किलमध्ये राहतो, इंजिनिअर आहे. रविवारी कामासाठी इथे जवळच, वेलिंग्टनला येतोय, तर चहाला घरी येईल म्हणाल्या. इराला सांगितलं. "बघू." मी आल्यापासून हे एकच उत्तर.

चौतिसावं लागलं तिला. हे पुण्यात बसून मला सांगतात, पोरीच्या मागे लागू नकोस. मी नाही लागणार तर कोण लागणार? सप्टेंबरात मी परत गेले की ही लोअर हटच्या या गार घरात हीटरशेजारी एकटी जेवत बसणार. ते डोळ्यांपुढे आलं की मलाच घास जात नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

डोकं चालेनासं झालंय. घडलं तसं लिहून ठेवते.

गाइडचं नाव रवींद्र. पस्तिशीचा असेल. "किया ओरा" म्हणून, म्हणजे इथला नमस्कार, छान हसला. चेहरा आपल्यातला, म्हणून मी मराठीत सुरुवात केली, तर त्याला ओ का ठो कळेना. फिजीचा निघाला. हिंदी बोलतो, पण तीही निराळीच, कुठल्या मुलखातली काही कळत नाही. पणजोबांना उसाच्या मळ्यांवर राबायला जहाजातून नेलं होतं म्हणे. आडनाव विचारलं, तर ते पणजोबांचं नावच. मग गोत्र विचारलं. म्हणाला, "जहाजातून समुद्रात पडलं असेल, आंटीजी." बरोबरच्या गोऱ्या मंडळींना काही कळलं नाही, तरी हसली.

खरी गंमत पुढे. चीजच्या दुकानात सगळ्यांना चीजबरोबर कांद्याचं लोणचं. मला वेगळी बशी — चीज आणि सफरचंदाच्या फोडी. पाईच्या दुकानात सगळ्यांना मटणाची पाई, मला बटाट्याची, लसूण न घालता मुद्दाम करवून घेतलेली. मग एका लेबनीज माणसाकडे कसलीशी पांढरट चटणी आली. मी हात पुढे केला, तर याने बशीच उचलली.

"वांगं आहे, आंटीजी. तुमचं चंपाषष्ठीनंतर ना?"

मी बघतच राहिले. लोकांचं वांगं कार्तिकीला सुटतं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं न खाणारे आम्ही. फिजीच्या माणसाला हे कुठून ठाऊक? इंटरनेटवर असेल. हल्ली तिथे सगळं असतं.

समुद्रावरून बोचरा वारा यायला लागला की हा चालायची बाजू बदलायचा, मला आडोसा व्हावा म्हणून. असा माणूस मिळाला की माझं तोंड सुटतं. इराचं सगळं सांगून टाकलं. लग्नाचं नाव काढू देत नाही, मी तिच्या काळजीने झुरतेय, आता एक चांगला मुलगा बघितलाय, रविवारी येतोय. फोनमधला नितीशचा फोटोही दाखवला. म्हटलं, "तुला रोज नवी माणसं भेटतात. सांग बरं, कसा वाटतो?"

त्याने फोन हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. "चांगला वाटतो, आंटीजी. डोळे प्रेमळ आहेत." मग पुढच्या इमारतीची माहिती सांगायला लागला, आणि साल चुकला. एका बाईने दुरुस्त केलं.

निघताना त्याने मला आईच्या हातची चिंचेची चटणी दिली. बुटकी बाटली, झाकणावर लाल चौकड्यांचं कापड, त्याला सुतळी. "लसूण नाही," म्हणाला. एवढ्या माणसांत फक्त मलाच का?

जेवताना इराने तीनदा विचारलं, गाइड कसा होता? म्हटलं, फार गुणी. नितीशचा फोटोसुद्धा दाखवला त्याला, त्यालाही आवडला. इराचा घास हातातच राहिला. उठून खोलीत गेली. आमटी-भात तसाच पानात.

मी काय वाईट बोलले?

७ ऑगस्ट, गुरुवार

इरा बोलत नाही. चटणी मात्र नुसतीच चमच्याने खाताना पाहिली. विचारलं तर म्हणाली, "आय'म फाइन, आई."

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "नितीशला बोलव रविवारी. भेटते मी."

याच वाक्यासाठी मी इतके दिवस देव पाण्यात घालून बसले होते. मग आनंद का होत नाही? तिचे डोळे सुजलेले होते. ह्यांना फोन केला, तर म्हणाले, "तू काय केलंस?" काही नाही हो! फिरले आणि खाल्लं!

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. नारळी भात केला, लवंग घालून. मग आमटीच्या फोडणीसाठी मोहरीची बाटली काढली. आल्यापासून रोज काढतेय. बुटकी बाटली. झाकणावर लाल चौकड्यांचं कापड, त्याला सुतळी.

तेल जळून धूर झाला. भिंतीवरचा अलार्म कोकलायला लागला. इरा धावत आली, तर मी बाटली हातात घेऊन उभी.

"रवींद्र?" एवढंच विचारलं.

ती खालीच बसली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर. तीन वर्षं झाली म्हणे. त्याचंच म्हणणं होतं, आंटीजींना आधी मला नुसता माणूस म्हणून बघू दे, मग कोण ते सांग. म्हणून तिकीट. बुधवारी सांगणारच होती. आणि मी त्याच्याच हातात नितीशचा फोटो दिला!

"तो म्हणाला, तुझ्या आईचं मन तिथे आहे, निदान एकदा भेट त्या मुलाला. अगदी मनापासून म्हणाला, आई. आणि तो खूप रडला."

"मला सांगायचंस ना गं."

"कधी? तू एअरपोर्टवरच नितीशचं नाव काढलंस."

मलाही रडू आलं. शरम वाटली, आणि रागही आला — मला न सांगता परीक्षेला बसवलं म्हणून. मग वाटलं, परीक्षेला तर तो बसला होता. पण जात नाही, गोत्र नाही, मराठीचा गंध नाही. पुण्यात काय सांगायचं? तरी वाऱ्याच्या बाजूला तोच चालला. चंपाषष्ठी त्याने पाठ केली. इतक्या वर्षांत ह्यांना कधी लक्षात राहिली नाही!

माझं मलाच कळत नाहीये. आमटी बिनफोडणीचीच जेवलो.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी नितीशच्या आईला फोन करून नाही म्हटलं. त्या रागावल्या, ऐकून घेतलं. दुपारी पोहे केले, बिनकांद्याचे, वर खोबरं-कोथिंबीर. बशी मीच बाहेर नेली. रवींद्र इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या टोकावर ताठ बसला होता, इरापासून हातभर लांब. बशी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुझा एक चांगलासा फोटो दे. ह्यांना पाठवायचाय."