तेवीस नंबरचे बूट

तीर्थरूप आत्या,

तुझ्या डाव्या खुब्यासकट सर्वांगाला नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण "उत्तम" हेच उत्तर येणार. खुब्याच्या ऑपरेशनचा विषय तू मागच्या फोनवर कायमचा बंद केलास ("तुझा तो डॉक्टर स्वतःचा खुबा कापून घेईल का, विचार त्याला"), तेव्हा त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही. माझी नोकरी जाता जाता राहिली, एवढंच कळवायचं आहे.

माझ्या कामाला तू सगळ्यांसमोर डॉक्टरकी म्हणतेस, ते आधी थांबव. आपल्या घरातली पहिली पदवीधर हॉस्पिटलच्या व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसून लोकांचे पाय बघते. खुब्याचा सांधा बदलल्यावर वर्षाने माणूस खरोखर कसा चालतो, हे डॉक्टरांचं संशोधन. विचारून ते कळत नाही. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून पेशंट "अगदी पळतो" म्हणतात आणि लंगडत दाराबाहेर जातात. म्हणून माझ्यापुढे पडदा आहे, कमरेच्या वरचं काही न दिसणारा (चेहरा दिसला की दया येते आणि दयेने मार्क वाढतात). पेशंट क्रमाने चालत जातात, मी शंभरापैकी मार्क देते. काम मी इतक्या मनापासून करते, की परवा घरमालकिणीला ओळख न दाखवताच पुढे गेले. तिने नव्या चपला घातल्या होत्या.

तर गेल्या महिन्यात बावीस नंबरनंतर तपकिरी बूट गेले. मी तेवीस नंबरच्या कागदावर लिहिलं: उजव्या पायाने लंगडतात, दर तिसऱ्या पावलाला भिंत धरतात, उजव्या बुटाची नाडी सुटलेली, बहुधा तिथवर हात पोचत नाही. बावन्न मार्क. खाली शेऱ्याची जागा असते. ती रिकामी मला बघवत नाही, म्हणून लिहिलं, "हट्टी असावेत."

दुसऱ्या दिवशी बैठकीत डॉक्टर कागद मोठ्याने वाचत होते. शेरा वाचून ते हसलेसुद्धा. मग कोणीतरी म्हणालं, की तेवीस नंबरच्या आजी काल आल्याच नव्हत्या. सगळे टेबलाखाली बघायला लागले. डॉक्टरांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढले, नाडी मात्र बाहेर राहिली. "तीन वर्षं मी काय सांगतेय, सर?" थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

मला खोलीत बोलावणं आलं. मी मनात राजीनामा जुळवत गेले.

"मी तेव्हा फोनवर बोलत चाललो होतो. साठ कर."

"आकडा बदलता येत नाही, सर."

"पंचावन्न?"

मी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, हातातलं काम अर्धवट आहे, दुखतं ते फक्त थंडीत, उन्हाळ्यात बघू, आणि तसं उत्तमच आहे. आत्या, पेशंट देतात त्या सबबींची मी वही ठेवली आहे (आतापर्यंत एकोणीस झाल्या). ती उघडून पुढे ठेवली. त्यांच्या चारही त्यात होत्या. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "भीती वाटते गं. दुसऱ्याचा कापताना नाही वाटत." नाडी बांधायला वाकले, पण हात पोचला नाही. मी बांधली. शेरा खोडू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे.

बाकी सर्व ठीक. बाबांना माझी नोकरी शाबूत असल्याचं सांग.

तुझी भाची (पदवीधर)

ता. क. तू विचार म्हणाली होतीस, म्हणून कळवते. डॉक्टरांचा खुबा परवा त्यांच्याच विद्यार्थ्याने बदलला. आज ते वॉकर धरून व्हरांड्यात सहा पावलं चालले आणि मार्क किती, म्हणून पडद्याकडे पाय वळवून उभे राहिले. मी दिले नाहीत. अजून वर्ष जायचं आहे.

आणखी एक ता. क. मागच्या वेळी तू इथून निघालीस, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. दारापासून बसथांब्यापर्यंत तू सात वेळा थांबलीस आणि सातही वेळा खांद्यावरची पिशवी सारखी केलीस. पिशवी रिकामी होती, आत्या. तुझा चेहरा पलीकडे होता, त्यामुळे एकेचाळीस हे मार्क खरे आहेत. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला त्याच विद्यार्थ्याकडे तुझं नाव लिहून आले आहे. सोबत तुझा कागद पाठवते. शेऱ्याच्या जागी या वेळी मी काहीच लिहिलेलं नाही. तिथे तू सही कर.