आईच्या नाकाला मानवणारी गाडी

१२ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

एकदाची नवी गाडी ठरली. चारही चाकांनी ओढणारी, दगडधोंड्यांतून चढणारी. जुनी परवा ओढ्यात बसली ती उठेचना. शेवटी ज्याची गाय तपासायला निघाले होते त्यानेच दोर लावून मला बाहेर काढलं. जनावरांच्या डॉक्टरणीची उरलीसुरली अब्रू त्या ओढ्यात गेली.

गाडी ठरली, पण आतलं रंगरूप ठरेना. सीटला कापड की चामडं, डॅशबोर्डवर लाकडी पट्टी की चकचकीत, खाली गालिचा की रबर. शोरूमवाल्याने विचारून विचारून डोकं पिकवलं. माझा जीव क्रीम चामड्यावर आणि लाकडी पट्टीवर जडलाय. तुझे जावई म्हणतात, मागे एकदा आजारी मेंढरू बसलं की मग क्रीम कुठलं नि काय. तू जन्मभर लोकांचे सोफे आणि पडदे शिवलेस, तूच सांग. नमुन्याचे तुकडे पाठवते आहे. शोरूमचे आहेत, परत द्यायचेत, तेवढे सांभाळ.

लोभ आहेच, रंगापायी कमी करू नकोस.
तुझी,
ठमी

२० सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुकडे पोचले. क्रीम म्हणे! अगं, लहानपणी पांढरा फ्रॉक घालून तू कधी दारापर्यंतसुद्धा स्वच्छ गेली नाहीस.

एक घोळ झालाय. पाणी दाखवल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तुला ठाऊकच आहे. त्याच सवयीने सगळे तुकडे गरम पाण्यात साबण घालून भिजवले आणि चांगले घासले. परत द्यायचेत हे तारेवर वाळत घालताना आठवलं. क्रीम चामड्याची साल निघाली. लालने रंग सोडला तो एका गिऱ्हाइकाच्या अस्तराला लागला. आता गुलाबी अस्तर किती शोभतं हे मी त्या बाईंना पटवत बसले आहे. करडं कापड तेवढं जसंच्या तसं राहिलं. शोरूमवाल्याची माझ्या वतीने माफी माग.

चामड्याचा वास मात्र धुऊनही गेला नाही. मशीनपाशी बसल्या बसल्या मला मळमळायला लागलं, मग गाडीत काय होईल ते तूच बघ. तेव्हा घरी कधी येतेस हे पुन्हा विचारू नकोस. फोटोत बघते मी तुझं घर, पडदे छान बसलेत.

बाकीचे तुकडे परत पाठवते. करडा राहू दे माझ्याकडे. जावईबापूंना आशीर्वाद. तब्येत सांभाळा आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.
तुझी,
आई

२९ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शोरूमवाल्याने तुकडे बघून कपाळावर हात मारला. मग म्हणाला की एवढी कसून परीक्षा कारखान्यातही घेत नसतील. करड्या तुकड्याचं विचारत होता, मी हरवला म्हणून सांगितलं.

आई, आता खरं लिहिते. मागच्या वर्षी हे तुला आणायला आले, आणि तू अर्ध्या वाटेवरून गाडी वळवायला लावलीस. मी तुझी खोली लावून ठेवली होती. फोनवर काही नाही गं म्हणाले, आणि मग त्याच पलंगावर बसून खूप रडले. रागावले नव्हते. तुला गाडी लागते यात तुझा काय दोष? पण लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझ्या घरात तू एकदाही टेकली नाहीस. हे मला फार लागतं.

नवी गाडी डोंगरातल्या जनावरांसाठी घेते असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. शेजारच्या सीटला काय हवं ते तू सांग. यायचंच नसेल तर तसंही लिही. मी क्रीम घेईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

माया करतेसच, थोडी हिंमतही कर.
तुझी,
ठमी

८ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

क्रीम घेऊ नकोस.

तुकडा का ठेवून घेतला ते सांगते. दुपारी दुकान बंद केलं की मी तो नाकाशी धरून बसमध्ये बसते. पहिल्या दिवशी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि भिंत धरून उभी राहिले. या वयात हे काय चाललंय असं वाटलं. पण रोज जात राहिले. काल शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. कंडक्टरला वाटलं बाईंना जबर सर्दी झालीय, त्याने आपणहून खिडकीची जागा करून दिली. पोटात ढवळलं, पण मी उतरले नाही.

तेव्हा आत सगळीकडे करडं कापड. लाकडी पट्टी हवी तर घे, चकचकीत मुळीच नको. उन्हात चमकली की मला गरगरतं. खाली रबर, म्हणजे मेंढरू असो की मी, धुता येईल. सुवासिक बाटली टांगलीस तर मी चालत येईन. शिलाईचा दोरा तेवढा तुझ्या आवडीचा घे. नारिंगी घेतलास तरी मी चकार शब्द काढणार नाही.

न्यायला तू ये, जावईबापूंना पाठवू नकोस. मागच्या वेळी मी वळवा म्हटलं आणि त्या भल्या माणसाने लगेच वळवली. परत येताना मला मळमळ कमी आणि रडू जास्त येत होतं, पण पुन्हा वळवा म्हणायची लाज वाटली. या वेळीही मी तसंच म्हणेन. हात जोडेन, चिडेन, तुला नाही नाही ते बोलेन. थांब, पाणी दे, पाठीवरून हात फिरव. पण ठमे, गाडी वळवू नकोस.

लोभ आहेच, उरलेला तिथे येऊन करीन.
तुझी,
आई