पुढच्या चाकाचे वीस छर्रे

अहो,

त्या दिवशी सकाळी दूध तापवून झालं होतं, सासूबाईंचं सोवळं वाळत घातलं होतं, आणि जिन्याखालचा केर काढायला मी तुमची सायकल बाजूला करत होते. पुढचं चाक जरा उचललं तर ते हातात हललं. फिरलं नाही, हललं. डावीकडे, उजवीकडे, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखं. मग मी ते फिरवून पाहिलं. आतून खरखर आली, जात्यात खडा आल्यासारखी.

मी चाक खाली टेकवलं आणि केर भरला.

तुम्ही वरून विचारलंत, "डबा झाला का?"

"झाला," मी म्हटलं. तुम्ही शुद्धीवर असताना तुमच्याशी बोललेला तो माझा शेवटचा शब्द. पुढे तीन दिवस इस्पितळात बोलले ते सगळं तुम्ही ऐकलंत की नाही, कोण जाणे.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध आहे. उद्या मला सगळ्यांसमोर काही बोलावं लागणार आहे. ते आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून आज लिहायला बसले. आयुष्यभर तुमच्याबद्दलच्या गोष्टी तुमच्याआधी शेजाऱ्यांना कळल्या असा तुमचा आरोप होता ना? घ्या, ही तरी पहिल्यांदा तुम्हाला.

आठवतं, ती सायकल घरी कशी आली? रामघाटावर दोन महिने राहिलेला तो परदेशी पाहुणा मायदेशी परतताना तुम्हाला देऊन गेला. जाड टायरांची, गियरवाली, डोंगरावर चालवायची सायकल! आपल्या गल्लीत डोंगर म्हणजे कचऱ्याचा. पण तुम्ही तिला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढलात तेव्हा तुमचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा झाला होता. मुगलसरायच्या ऑफिसात आता मी रेल्वेच्या आधी पोचेन, म्हणालात.

सासूबाई दारातच उभ्या. "कुणी काय खाऊन बसलं असेल तिच्यावर! गंगेत बुडवल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नको."

तुम्ही तिथूनच माघारी फिरलात, घाटावर गेलात आणि सायकल हँडलपर्यंत बुडवून आणलीत. एकदा केलं असतंत तर मी आज काही बोलले नसते. पण सासूबाई म्हणाल्या, रस्त्यावर नाही नाही ते लागतं चाकांना. मग दर पौर्णिमेला तुमचं आणि तुमच्या सायकलीचं गंगास्नान! तुम्ही तीन डुबक्या घ्यायचात, तिला पाच द्यायचात. वर आणून पंच्यानं पुसायचात. मला कधी न्हाणीपर्यंत गरम पाण्याची बादली आणून दिली नाहीत हो.

पाहुण्यानं सायकलीबरोबर पातळ पान्यांची जोडी आणि एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. तिच्यात पाण्याच्या नळीच्या चित्रावर फुली होती. मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. भाऊजींचा जुना शब्दकोश घेऊन बसले आणि आठवडाभरात ते पान लावलं. चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्या पोटात बारीक पोलादी गोळ्या, म्हणजे छर्रे, असतात, त्या ग्रीसमध्ये फिरतात, आत पाणी गेलं की ग्रीस धुऊन जातं. तुम्हाला सांगितलं.

"गंगाजलाला पाणी म्हणतेस?" तुम्ही म्हणालात.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकूनच घेतलं नाहीत. तिसऱ्यांदा मी चूक केली. तुमचे ऑफिसातले मित्र चहाला बसले होते, त्यांच्यासमोर म्हटलं, "चाक खरखरतंय, छर्रे बदलून घ्या." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "ऐका! आमच्याकडे आता मिस्त्री आलीये. पोळी करपलेली कळत नाही, छर्रे कळतात!" सगळे हसले. मीही हसले. ट्रे घेऊन आत आले आणि ठरवलं की या माणसाला यापुढे काही सांगायचं नाही.

ते मी पाळलं. पाच आठवडे पाळलं. त्या सकाळीही.

गंगेच्या पुलावरून पलीकडे पडाव नाक्याकडे उतरताना चक्का एकाएकी जाम झाला, असं तुमच्या मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं सांगितलं. तुम्ही हँडलवरून पुढे फेकले गेलात. त्याच्या गमछ्यानं तुमचं डोकं बांधून त्यानंच तुम्हाला नेलं. गमछा परत द्यायचा राहिला आहे.

तुम्हाला कुणी मारलं, हे मी वर्षभर स्वतःला विचारते. कधी तुमच्या आईचं नाव येतं, कधी तुमचं. पण चाक हातात घेऊन पाहिलं होतं फक्त मी.

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणणार नाही. ऑफिसातून हिंदी पेपरच्या रविवारच्या पुरवण्या घडी न मोडता आणायचात. "सायकलखाली अंथरायला," म्हणायचात. सायकलखाली जाण्याआधी त्या दोन दिवस माझ्या उशाशी असत, ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही कधी घाई केली नाहीत. त्याच कागदांवर मी हिंदी वाचायला शिकले. मग त्या एका चहाच्या वेळी मला थोडं सांभाळून घ्यायला काय झालं होतं? चार माणसं हसावीत म्हणून? आता हसा!

अपघातानंतर भाऊजींनी सायकल आणली, हँडल सरळ केलं, चाकाला दोन ठोके दिले, ते फिरलं. वर निळा रंग दिला. आत कुणी पाहिलं नाही. वर्षश्राद्धाला तुमची आवडती वस्तू दान करायची म्हणून सायकल गुरुजींना द्यायचं ठरलं. परवा ते पाहून गेले. चष्मा पुसून पुसून गियर पाहिले, घंटी तीनदा वाजवली. "सारनाथकडे अनुष्ठानं असतात, पायी फार होतं. चांगली सोय झाली," म्हणाले. भला माणूस. त्यांच्या तीन मुली आहेत.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काल दुपारी सासूबाई निजल्यावर मी पुरवणी अंथरली आणि पुढचं चाक काढलं. पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवलं. पातळ पान्यानं नट सुटेना, साडीचा पदर गुंडाळून जोर लावला. सुटला. आतला आस ओढला तशा गोळ्या कागदावर पडल्या. ग्रीस नव्हतंच. राखाडी चिखल होता, अगदी बारीक, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतो तसला. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा हव्यात. वीसपैकी तीन फुटलेल्या, बाकीच्यांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.

ते सगळं पदरात बांधून मैदागिनच्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं चिखल बोटावर घेऊन पाहिला आणि हसला. "माताजी, ई हब में ग्रीस नाहीं हौ, पूरी गंगा जी हईं!"

त्याला काय माहीत! मी दुकानाच्या फळीवर बसले. त्यानं पाणी दिलं, मग नव्या गोळ्या, कोन आणि ग्रीसही.

घरी येऊन हब रॉकेलनं तीनदा धुतला. हबच्या दोन्ही टोकांच्या वाट्यांत ग्रीस भरलं आणि नव्या गोळ्या एकेक करून बसवल्या. जुनी एकही आत ठेवली नाही. जुनी-नवी मिसळली की जुनी नवीला खाते, हे मिस्त्रीनंही सांगितलं आणि पुस्तिकेतही आहे. गोळ्या जागी दाबून धरणारे कोन घासले होते, तेही बदलले. आवळायला मात्र तीनदा चुकलं. जास्त आवळलं की चाक अडायचं, सैल सोडलं की हलायचं. चौथ्यांदा बसलं. मी चाक फिरवलं आणि ते फिरतच राहिलं, अहो. आवाजच नाही. इतकं सोपं होतं! एका दुपारचं काम. तुमचं आणि माझं, एका दुपारचं.

मला वाटलं, झालं. कुणाला काही सांगायला नको.

आज सकाळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या पहाटे सायकलला घाटावर पाच डुबक्या देऊन आणतो. दादा द्यायचे तशा. मग दान."

"नको, भाऊजी."

"का? अहो, रंग पक्का आहे, जाणार नाही."

सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "गंगेत न्हाल्याशिवाय दान कसलं? माझ्या बाळाला पोचायला हवं ना." आणि मग तेच म्हणाल्या, जे वर्षभर रोज म्हणतात: "एवढंच समाधान गं, कुमुद. माझा मुलगा गंगेत न्हालेल्या वाहनावरून गेला."

त्यांना त्या एका वाक्यावर जेवण जातं. तेच मला काढून घ्यावं लागेल. डुबक्या का नकोत हे सांगायचं, तर मुलाचं चाक कशानं जाम झालं तेही सांगायला हवं. आणि ते सांगून मी मात्र नामानिराळी राहिले, तर माझ्यासारखी नीच मीच. मग केर काढतानाचं चाकही सांगायला हवं.

आज मी पुन्हा गप्प बसले. वाती डब्यात भरल्या.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हातारीला कशाला दुखवतेस, डुबकीनं लगेच काय होतंय? लगेच नाही होत. तुम्हालाही दीड वर्ष लागलं.

तेव्हा ऐकून ठेवा. तुमच्या आईला दुखवीन, पण गुरुजींच्या घरी डबा भरणाऱ्या त्या मुलींच्या आईला माझ्यासारखं पत्र लिहायला लावणार नाही. उद्या बोलेन. तुम्ही वरून चार मित्र जमवून हसलात तरी बोलेन.

तुमची मिस्त्री,
कुमुद

ता. क. पहाटे भाऊजींनी सायकल खांद्यावर घेतली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, का. मी सांगितलं, गंगेचंही आणि माझंही. त्या वातींचा डबा घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सायकल कोरडीच दान दिली. तुमच्या अस्थी घेऊन जाताना मला घाटावर येऊ दिलं नव्हतं. आज ते वीस जुने छर्रे मी पुरवणीत बांधले, एकटी रामघाटावर गेले आणि गंगेत सोडले.