हाकोनेच्या घाटात पुढची गाडी माझी

२ एप्रिल, सकाळी ७.४०
आजपासून नोंदी ठेवणार. नोगामी मालकांनी काल सांगितलं, की एकोणतीस तारखेला मोठ्या सुट्ट्या लागल्या की गिऱ्हाइकं आपल्या भाड्याच्या स्पोर्ट्‌स गाड्या घेऊन हाकोनेच्या घाटात जाणार. सगळ्यांच्या पुढच्या गाडीत ड्रायव्हर आपल्या दुकानाचा. कोण, ते ठरायचं आहे. म्हणजे मीच. तीन वर्षं याच गाड्या धुतोय. दुसरी कोण, तर काउंटरवरची चिगुसा. ती गाडी चालवताना गाणं म्हणते. अशांच्या हाती गिअर द्यायचा?

४ एप्रिल
प्रत्येक गाडीच्या गिअरवर एक कार्ड लिहिलं. गिऱ्हाइकांना काही कळत नाही, निदान वाचून तरी कळेल.
लाल दोन-सीटर: हालचाल मनगटापुरती, टक्‌कन बसतो. पोरकट.
जर्मन: गार उदोन नूडल्सच्या वाडग्यात काठी फिरवल्यासारखं. लोक याला मुलायम म्हणतात. लोक काहीही म्हणतात.
इटालियन: लोखंडी खाचा, नुसता खणखणाट. स्वयंपाकघरातलं भांडण.
आपली जुनी सहा सिलिंडरवाली: क्लचला पाय पुरत नाही, मांडी लागते. गाडीला घमेंड आहे.
सगळं इंजिन बंद ठेवून तपासलं. इंजिन चालू असलं की लक्ष विचलित होतं.
चिगुसाने कार्डं वाचली. तेव्हापासून मला गुरुजी म्हणते. उशिरा का होईना, तिला किंमत कळली.

७ एप्रिल, जेवणाची सुट्टी
एक किरकोळ बाब. माझ्या परवान्यावर ‘फक्त ऑटोमॅटिक’ असं छापलेलं आहे. तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलमधल्या बाई म्हणाल्या, हल्ली सगळे हाच घेतात, लवकर होतो. मी बाईंवर विश्वास ठेवला. दुकानात हे कोणालाही ठाऊक नाही. धुवायच्या गाड्या चिगुसा आणून लावते, त्यामुळे विषय कधी निघाला नाही.
चार तासांची शिकवणी आणि एक परीक्षा, की अट रद्द. माझ्यासारख्याला चार तास म्हणजे अपमान. तरी नाव घातलं.

१२ एप्रिल
स्कूलची गाडी म्हणजे टॅक्सीतूनही निवृत्त केलेली. गिअर असा, की चिकट भातात पळी रुतलीय. अकरा वेळा बंद पडली. गाडीचा दोष. शिक्षक ओगिवारा, वय साठीच्या पुढे. म्हणाले, बाळा, क्लच हळू सोड, तो काय मासा आहे हातातून निसटायला? मी त्यांना जर्मन क्लचविषयी दोन शब्द सांगितले. त्यांनी खिडकीची काच खाली घेतली. पटलं असणार.

१७ एप्रिल
चाराचे सात तास झाले. ओगिवारा फार सावकाश शिकवतात.

२० एप्रिल
परीक्षा. चढावर थांबून पुन्हा निघायचं. प्रत्येक गोष्ट बोट दाखवून, मोठ्याने बोलून तपासायची, ही आमच्या दुकानाची शिस्त. मी ती पाळली. आरसा, ठीक! डावी बाजू, ठीक! हँडब्रेक सोडला, ठीक! ‘मागे काही नाही, ठीक!’ म्हणेपर्यंत मागे खांब होता. टेकलाच. परीक्षक बाई म्हणाल्या, बोलून झालं असेल तर उतरा.
शिस्तीची कदर नाही. निश्चय: पुढच्या वेळी मनात बोलणे.

२६ एप्रिल
दुसरी परीक्षा. मनात बोललो. गाडी चार वेळा बंद पडली. वारा होता.

२७ एप्रिल, सकाळी ९
मालकांना सांगावंच लागलं, की परवान्याबाबत एक तांत्रिक अडचण उद्भवली आहे. त्यांनी खण उघडला आणि माझ्या परवान्याची झेरॉक्स समोर ठेवली. कामाला लागलो त्या दिवशीची. म्हणाले, अरे, तीन वर्षं वाट बघतोय, हा कधी तोंड उघडतो म्हणून. तुला काय वाटलं, चिगुसा हौसेने गाड्या लावते होय?
गाडी चिगुसा चालवणार. मी तिच्या शेजारी वॉकी-टॉकी घेऊन बसायचं आणि कोणत्या वळणाला कोणता गिअर, ते मागच्यांना सांगायचं. मालकांना मी दयनीय वाटलो असेन, पण विचार केल्यावर कळतं, की हेच वरचं पद. ड्रायव्हर कोणीही होतं.

२९ एप्रिल, दुपारी ३.१०
मागे पाच गाड्या. पहिल्या वळणाआधी मी जाहीर केलं, तिसरा गिअर. चिगुसा हळूच म्हणाली, गुरुजी, आपण दुसऱ्यात आहोत. पुढच्या वळणाला दुसरा म्हणालो, तर म्हणे आत्ताच तिसरा टाकला. तिसऱ्या वळणावर मागच्या लाल गाडीतल्या आजोबांचा आवाज आला: अहो पुढचे साहेब, जरा गप्प बसता का, इंजिन ऐकू येत नाहीये. मागोमाग चारही गाड्यांतून, हो ना, हो ना.
बटण बंद केलं. म्हटलं, ठीक आहे, आता गिअरकडे बघायचंसुद्धा नाही, नुसतं अंगाने ओळखायचं, कधी बदलतो ते. वरच्या तळ्याशी पोहोचल्यावर चिगुसाला विचारलं, किती वेळा बदललास? ती म्हणाली, मोजत कोण बसतं, असेल तीस-चाळीस वेळा.
मला एकदाही कळलं नाही.