शकुनबाईंचा गुरुवार

अमरावती,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्री,

अनेक आशीर्वाद. सोहमचा खोकला थांबला का? माझं ठीक चाललं आहे, गुडघा त्याच्या मर्जीनं वागतो. फोनवर तू रोज विचारतेस, बाबा, जेवलात का, आणि मी हो म्हणतो. ते खरंच असतं. बाकी जे सांगायचं आहे ते फोनवर जमत नाही. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा थंडीवर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून पत्र.

सध्या मला बाजाराचा नाद लागला आहे. हसू नकोस. जन्मात कधी पिशवी हातात न धरलेला माणूस आता दर गुरुवारी अंबागेटच्या आतल्या बोळात जातो. तिथे जानराव नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे, आपल्या न्हाणीघराएवढं. कंपनीचा माल ठेवत नाहीत. सगळं आसपासच्या घरांतून येतं. सेमाडोहचा मध, हातमागावरची सतरंजी, तेल्हाऱ्याच्या मैनाबाईंनी काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे, उदबत्त्या, साबण. वस्तू हातात घेतली की जानराव ती कुणी केली ते सांगतात. "हे सूप ज्यानं विणलं ना, त्याचा आंगठा मोडेल हाये. तरी काठ पाहा." मी काठ पाहतो. घरी येऊन हात धुताना साबण करणाऱ्या बाईच्या मुलीची दहावी आठवते. इतकी वर्षं मी वस्तू नुसत्या वापरल्या. आता त्या घेताना मला सुख होतं, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते कुणाला सांगायची लाज वाटते. तीन सुपं झाली आहेत घरात. पाखडायला काहीही नाही.

आता खरं लिहितो.

ऑगस्टमध्ये, आई जाऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, तिनं केलेली जवसाची चटणी संपली. बरणी मी बोटानं पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुठे मिळते का म्हणून निघालो आणि विचारत विचारत त्या दुकानात पोचलो. पुडी आणली, भाकरीवर घेतली. आधी लसूण, मग तिखट, आणि सगळं गिळून झाल्यावर मागून हळूच ओवा. जवसाच्या चटणीत ओवा घालणारी बाई मी एकच पाहिली होती. ताटावरून उठून मी स्वयंपाकघरात जाऊन आलो. तिथे कुणी नसणार हे मला माहीत होतं. तरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जानरावांना विचारलं. म्हणाले, शकुनबाईंच्या हातची. अकरा वर्षं झाली, दर गुरुवारी तीन वाजता माल घेऊन येतात, पण पावसाळ्यापासून पत्ता नाही. मग म्हणाले, "तुमी वळखता काय त्याईले?"

शकुन हे तुझ्या आईचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीनं सरोजिनी लिहिलं, त्यानंतर आपल्या घरात ते कुणी घेतलं नाही.

मी म्हणालो, "थोडंफार ओळखतो."

ती गेली हे तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण त्या दुकानात ती अजून यायची होती. जानराव गिऱ्हाइकांना सांगायचे, शकुनबाई येतीन पुढच्या गुरुवारी. भिंतीशी तिचं स्टूल आहे, त्यावर ते पोतं ठेवू देत नाहीत. मी गेलो की तिच्या गोष्टी निघतात. एका हवालदाराची ती अशी नक्कल करायची की पाणी पिणाऱ्याला ठसका लागे. मैनाबाईंच्या घरात भांडण झालं तेव्हा बस धरून ती तेल्हाऱ्याला समजूत घालायला गेली होती. देवश्री, माझ्यासमोर तिनं कधी कुणाची नक्कल केली नाही. ती एकटी तेल्हाऱ्याला जाऊन आली, हेही मला ठाऊक नाही. मी कोर्टात असेन.

मी ते ऐकायला जायचो. कधी कधी ती त्या स्टुलावर बसलेली दिसायची, पाय हलवत, हात उडवत काहीतरी सांगताना. मी आत पाऊल टाकलं की बोलायची थांबायची.

घरीही तेच. दुपारी तीनला मागच्या दाराची कडी निघाल्यासारखी वाटते. जवस भाजताना तडतडतात तसा आवाज येतो, म्हणून मी पंखा बंद करून बसतो.

तो प्रसंग तुला आठवत असेल, तू कॉलेजात होतीस. एक बाई चटणी विकत मागायला दारात आली होती. माझ्याकडे पक्षकार बसले होते. मी मोठ्यानं म्हणालो, हे वकिलाचं घर आहे, दुकान नाही. आई आतल्या दारात भरलेली बरणी घेऊन उभी होती. ती बरणी घेऊन आत वळली. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या गुरुवारी मैनाबाई स्वतः दुकानात आल्या होत्या. मुलीचं लग्न आहे. पत्रिका आणि शकुनबाईंसाठी साडी. जानरावांनी ती माझ्या हातात दिली. "साहेब, तुमी वळखता ना. देऊन द्या." मैनाबाई म्हणाल्या, "त्याईले सांगजा, तुमी आल्याबिगर अक्षता पडत नाही म्हनाव."

मी साडी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग परत आलो आणि सांगितलं, "त्या आषाढात गेल्या. माझी बायको होती."

मैनाबाई जमिनीवरच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. जानरावांनी शटर अर्धं ओढलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आमाले वाटे, त्याईले कोनीच नसन. घरचं नाव कधी काढलं नाही. एका पोरीचं तेवढं सांगत."

कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. तरी त्यांना तसं वाटलं.

ती पोरगी तू. चटणीच्या प्रत्येक पुडीत जिन्नस लिहिलेली एक चिठ्ठी असते, तिचं अक्षर मी ऑगस्टमध्येच ओळखलं होतं. झेरॉक्स असली म्हणून काय झालं, दहा वर्षं तुझ्या वह्या तपासल्या आहेत मी. तुला सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाहीस, हे मी विचारणार नाही. तुझ्या जागी मीही सांगितलं नसतं. इतके महिने तू फोनवर काय गिळून माझं जेवण विचारत होतीस, एवढंच मनात येतं.

मैनाबाईंनी साडी परत घेतली नाही. म्हणाल्या, "त्याईच्या लेकीले नेसवा." मोरपंखी आहे. लग्न तेवीस तारखेला तेल्हाऱ्याला. मी बावीसला संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला येतो, सकाळी बसनं जाऊ. तिथे सगळ्या शकुनबाईंच्या ओळखीच्या असतील. मी कोण, असं कुणी विचारलं तर मी बोलणार नाही. तू सांगशील तो मी.

तुझे,
बाबा