सोनचाफ्याची पानं

बाबा, तुमचा सोनचाफा हलवला. लालबागची आपली चाळ पाडून टॉवर होतोय. झाड मध्ये येत होतं, म्हणून मुळांसकट काढून मागच्या कुंपणापाशी लावलं. आम्ही सगळे भाड्याच्या खोल्यांत पांगलोय. मी परळला असते, रोज सकाळी चालत येऊन त्याला पाणी घालते.

मी दहा वर्षांची असेन. गणपतीला गावी गेलो होतो, परतताना तुम्ही ओल्या फडक्यात मुळं गुंडाळून हे रोप आणलंत. नळापाशी लावलंत आणि उकिडवे बसून एकेक पान खुडायला लागलात. मी रडत तुमचा हात धरते, तुम्ही तो झटकता. "मुळां तुटली हत गो त्याची. एवढ्या पानांका पाणी खंयसून पुरवतला ता?" नुसती काडी उरली. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

तुमचे जावई गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा मी वाचनालयात जायला लागले. तिथे झाडांवरचं एक पुस्तक मिळालं. मला वाटायचं, मुळं पाणी वर ढकलतात. तसं नसतं. पानांच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ उडते आणि ती जागा भरायला खालचं पाणी वर ओढलं जातं. खोडातल्या केसासारख्या नळ्यांमधून मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एक सलग ताणलेला धागा असतो. खाली पाणी कमी आणि वर ओढ जास्त झाली की तो तुटतो, नळीत हवा शिरते. तुम्ही जन्मभर गिरणीच्या सूतखात्यात तुटलेले धागे सांधलेत. हा सांधणं फार कठीण.

झाड हलवायच्या आधी चाळकऱ्यांची सभा झाली. सगळ्यांचं एकच, एका पानाला हात लावायचा नाही. मी उठून म्हटलं, फांद्या छाटा, निम्म्याहून जास्त पानं काढा.

"काकी, झाडाने काय घोडं मारलंय तुमचं?" सेक्रेटरी हसला. "आणि मेलं तर?"

"मेलं तर माझ्या नावावर घाला. लिहून देते."

दिलं लिहून. छाटणीच्या दिवशी खुर्ची टाकून बसले, काम पुरं होईपर्यंत उठले नाही.

आता दोन महिने होतील. झाड खांबासारखं उभं आहे. जाणारे-येणारे आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. काल नखाने साल जराशी खरवडली, आत हिरवं आहे. कोंब अजून नाही. मी येत राहणार.

एक सांगायचं राहिलं. त्या सभेत शेजारणीने विचारलं होतं, "हे तुम्हांला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा, पुस्तकात पानं काढायचं कुठेच लिहिलेलं नाही. गिरणीतल्या बापाने सांगितलं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, असं वाटलं मला.